बुडालेल्या पेढीचा वारस

टाटा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? मेसच्या आमटीतले (कधी जास्त, कधी गायब) मीठ, कॉलेजच्या गेटसमोरून धूळ उडवत जाणारा ट्रक, आणि सातव्या सेमिस्टरला ज्यांच्यासाठी देव पाण्यात ठेवले जातात त्या कॅम्पस मुलाखती. जमशेटजी टाटांवर शाळेत आपण सगळ्यांनीच दहा ओळी लिहिल्या आहेत. जमशेदपूर, ताजमहाल हॉटेल, बंगलोरची संस्था. झाला निबंध! पण हा माणूस सव्वीस वर्षांचा असताना त्याचे घर साफ बुडाले होते, राहता वाडा विकण्यापर्यंत पाळी आली होती, हे त्या दहा ओळींत कधीच नसते. मला तर सगळ्यात जास्त रस तिथेच वाटतो. म्हणून पोलादाची आणि ताजची गोष्ट बाजूला ठेवून त्याच्या आधीची पंचवीस वर्षे सांगतो.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. नवसारी तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होती. घराणे पारशी धर्मगुरूंचे, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. वडील नसरवानजी यांनी ती वाट सोडली, मुंबई गाठली आणि व्यापारी पेढी उभी केली. म्हणजे टाटांची पहिली दौलत काही राजेरजवाड्यांची नव्हती, एका माणसाने एका आयुष्यात जमवलेली होती. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर त्याला मुंबईला आणले, एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५८ साली शिक्षण संपले आणि पुढच्याच वर्षी पोराला पेढीच्या कामासाठी थेट हाँगकाँगला पाठवून दिले. आपल्याकडे इंडस्ट्रियल व्हिजिटला जळगावला जायचे म्हटले तरी घरून तीन फोन येतात!

हाँगकाँगचा व्यापार कशाचा होता? कापसाचा, आणि अफूचा. तेव्हाच्या मुंबईतल्या बहुतेक मोठ्या पेढ्या, पारशी असोत की ज्यू की गुजराती, चीनला अफू पाठवत होत्या आणि तो धंदा कायदेशीर होता. चरित्रकार यावरून अलगद उडी मारतात. मला ती उडी आवडत नाही. थोर माणसाच्या घरातला पहिला पैसा कसा आला हेही माहीत असू द्यावे, त्याने त्याचे पुढचे काम लहान होत नाही.

आता मुंबईचा तो प्रसिद्ध कापूस-सट्टा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडची बंदरे अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला आणि सगळी मागणी मुंबईवर येऊन पडली. भाव कुठल्या कुठे गेले. लोकांनी गाद्या-उशा फाडून त्यातला कापूस विकला अशा दंतकथा आजही सांगतात. एवढा पैसा आला, तो ठेवायचा कुठे? रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती बरं का! शेअर मात्र आकाशात. या सगळ्या खेळाचे सूत्रधार होते प्रेमचंद रायचंद. टाटांची पेढीही याच वाऱ्यात होती. लंडनला हिंदी व्यापाऱ्यांची एक बँक काढायची असे ठरले आणि त्या कामासाठी १८६४ च्या अखेरीस पंचविशीतले जमशेटजी बोटीत बसले. सोबत कापसाची कागदपत्रे, हुंड्या आणि शेअर्स. कागदावर बघितले तर केवढी दौलत.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला आणि अमेरिकेतले युद्ध आटोपले. अमेरिकन कापूस पुन्हा येणार हे कळताच भाव कोसळले. मुंबईत सगळ्या वायद्यांच्या सौद्यांचा हिशेब १ जुलै १८६५ ला चुकता करायचा होता. त्या दिवशी कोणाकडेच द्यायला पैसा नव्हता. याने त्याचे देणे, त्याने तिसऱ्याचे, आणि तिसरा आधीच दिवाळ्यात. बँका गेल्या, पेढ्या गेल्या, प्रेमचंद गेले. नसरवानजींनी देणेकऱ्यासारखे तोंड लपवले नाही, घर विकले आणि देणी भागवायला सुरुवात केली.

आणि मुलगा लंडनमध्ये. बँक काढायला गेलेला, खिशात रद्दी झालेले कागद, समोर अशा हुंड्या की ज्यांच्यामागे आता काहीच उरले नव्हते. परक्या देशात, ओळखीपाळखी नसताना, पंचवीस-सव्वीस वर्षांचे पोर काय करेल? मुंबईची बोट पकडणे सोपे होते. जमशेटजी मात्र स्वतःहून घेणेकऱ्यांकडे आणि बँकांकडे गेले, पेढीची खरी स्थिती काय आहे ते काही न लपवता मांडले आणि मुदत मागितली. त्या इंग्रज मंडळींवर याचा असा परिणाम झाला की त्यांनी पेढीच्या व्यवहारांची निरवानिरव करायला लिक्विडेटर म्हणून याच मुलाला नेमले, महिना वीस पौंड पगारावर! म्हणजे ज्याने पैसे बुडवले त्याच्याच हातात वसुलीची वही दिली.

इथे थोडे घरचे सांगतो. मी अकरावीत असताना आमचे दुकान बसले. काही मोठे नव्हते, हार्डवेअरचे, पण उधारी भरपूर झाली होती. संध्याकाळी दार वाजले की आई मला पुढे पाठवायची आणि मी सांगायचो, बाबा बाहेरगावी गेलेत. बाबा आतल्या खोलीत, दिवा बंद करून बसलेले. सहा-सात महिने हेच चालले. त्यांना दोष देत नाही, त्या वेळी काय वाटते ते मी जवळून पाहिलेय. पण म्हणूनच लंडनमधल्या त्या प्रसंगावर मी पुस्तकात बोट ठेवून बराच वेळ थांबलो. घेणेकऱ्याच्या दारात आपण होऊन जायचे, हे वाचायला सोपे आहे.

बरे, घर वर कसे आले? इथे जरा निराशा होईल, कारण मेहनतीने, घामाने वगैरे नाही. एका युद्धाने आले. अॅबिसिनियाच्या (आजचा इथिओपिया) सम्राटाने काही इंग्रजांना कैदेत टाकले, त्यांना सोडवायला १८६७-६८ मध्ये जनरल नेपियरच्या हाताखाली मुंबईहून मोठी फौज निघाली. फौजेला अन्नधान्य-सामान पुरवण्याचा ठेका मिळालेल्या व्यापाऱ्यांत नसरवानजी होते. तयारी लांबच्या मोहिमेची केली होती, आणि मोहीम एप्रिल १८६८ मध्येच आटोपली. ठेकेदारांना घसघशीत नफा झाला. टाटांचे घर पुन्हा उभे राहिले.

म्हणजे पहिली दौलत एका युद्धाने फुगवली, ते युद्ध संपल्यावर ती गेली, आणि दुसरी दौलत दुसऱ्या युद्धाने दिली. यात स्वतःचे कर्तृत्व किती आणि नशीब किती, हा हिशेब जमशेटजींनी मनात नक्की केला असणार असे मला वाटते. कारण यापुढे त्यांनी जे काही केले त्यात कागद कमी आणि यंत्र जास्त आहे.

१८६८ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, २१ हजार रुपये भांडवलावर त्यांनी स्वतःची वेगळी व्यापारी पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची एक दिवाळे निघालेली तेलगिरणी भागीदारांबरोबर विकत घेतली, तिची कापडगिरणी केली, नाव दिले अलेक्झांड्रा मिल. दोन वर्षांत चांगला नफा घेऊन ती केशवजी नाईक यांना विकूनही टाकली. मग लँकेशायरला जाऊन गिरण्या नीट पाहिल्या. आपल्या भाषेत सांगायचे तर अलेक्झांड्रा म्हणजे मिनी प्रोजेक्ट. मेजर प्रोजेक्ट नागपूरला झाला.

मी नागपूरचा, त्यामुळे इथे थोडा जास्त वेळ घेणार! मुंबई सोडून कुणी गिरणी काढायला नागपूरला जाईल हे तेव्हा कुणालाच पटत नव्हते. गिरण्या मुंबईत, बंदर मुंबईत, पैसा मुंबईत. जमशेटजींनी उलटे गणित मांडले. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलगाडीच्या अंतरावर, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वेचा फाटा येऊन पोचलेला आणि तयार कापडाला आजूबाजूलाच गिऱ्हाईक. कापूस मुंबईला न्यायचा आणि कापड परत आणायचे, हे दोन्हीकडचे भाडे कशाला? १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली. जागा मिळाली जुम्मा तलावाजवळची (आजचा गांधीसागर), सगळी दलदल. ती भरायला गाड्याच्या गाड्या माती ओतावी लागली. गावातल्या एका मारवाडी सावकाराने, सोने मातीत घालणाऱ्याला आपण पैसे देणार नाही म्हणून हात झटकले होते, आणि पुढे त्यानेच माती घालून सोने काढल्याची कबुली दिली अशी गोष्ट नागपुरात सांगतात.

गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले, म्हणून नाव पडले एम्प्रेस मिल. सुमारे तीस हजार चात्या आणि ४५० माग. मॅनेजर म्हणून नेमले बेझनजी मेहतांना. हे गृहस्थ रेल्वेच्या माल खात्यातले, कापडातले ओ की ठो माहीत नव्हते. आजच्या एचआरने त्यांचा बायोडेटा पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला असता. पण त्यांनी गिरणी अशी चालवली की पुढे मुंबईची मंडळी नागपूरला बघायला येऊ लागली.

सुरुवातीची यंत्रे मात्र स्वस्तातली घेतली होती आणि त्याचा फटका बसला. उत्पादन घसरले, माल हलका. तेव्हा जमशेटजींनी यंत्रे बदलायला काढली आणि १८८३ च्या सुमारास रिंग फ्रेम आणून पाहिल्या. मेकॅनिकलवाल्यांनी इथे जरा कान द्या. जुन्या म्यूल यंत्रात गाडा पुढे येताना धागा ओढला जायचा आणि पीळ बसायचा, मग गाडा मागे जाताना सूत गुंडाळले जायचे. म्हणजे पीळ देणे आणि गुंडाळणे एकापाठोपाठ एक, अर्धा वेळ वाया. रिंगमध्ये चातीभोवती एक पोलादी कडे असते, त्यावर तारेची इवलीशी कडी धावते, तिला ट्रॅव्हलर म्हणतात. धागा तिच्यातून जातो, त्यामुळे पीळ आणि गुंडाळणे एकाच वेळी, सतत. वेग जास्त, जागा कमी, आणि म्यूल चालवायला लागणारा मुरलेला कारागीर नसला तरी चालते. माझे आजोबा एम्प्रेसच्या रिंग खात्यात होते. त्यांच्या पानाच्या डब्यात दोन ट्रॅव्हलर पडलेले असायचे, नखाएवढे. लहानपणी मी ते अंगठी म्हणून बोटात घालायचा प्रयत्न करायचो.

गंमत अशी की ही कल्पना अमेरिकेत १८२८ पासून होती आणि लँकेशायर तिला हात लावायला तयार नव्हते. त्यांच्याकडे म्यूल चालवणारे कसबी कामगार होते, त्यांचे काय अडले होते! नागपूरला तसे कामगार नव्हते, हीच जमशेटजींच्या पथ्यावर पडलेली गोष्ट. आपल्याजवळ काय नाही ते नीट पाहून त्याप्रमाणे यंत्र निवडले.

कामगारांचा दुसरा प्रश्न हजेरीचा. पगार झाला की माणसे गायब. (आपल्याकडे पंचाहत्तर टक्क्यांची अट असून काय होते ते सर्वांना ठाऊक आहेच.) इथे दंड वाढवण्याऐवजी बक्षिसे ठेवली, हवा खेळती आणि दमट ठेवायची यंत्रणा बसवली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात झाल्यास भरपाई सुरू केली. कायद्याने हे कुणी मागितले नव्हते. परोपकार म्हणून केले की धंद्याचे गणित म्हणून? मला वाटते दोन्ही, आणि त्यात काही वाईटही नाही.

आता कुणीही म्हणेल, झाले की! गेलेली दौलत आली, दुप्पट-चौपट आली. वय सत्तेचाळीस. आता निवांत बसावे. आणि नेमके १८८६ साली, ज्या वर्षी नसरवानजी वारले त्याच वर्षी, या गृहस्थाने कुर्ल्याची धरमसी मिल लिलावात घेतली. साडेबारा लाखांना. आधीच्या मालकाचे तीत पंचावन्न लाख गेले होते म्हणे. लिलाव स्वस्तात पडला असे सगळ्यांना वाटले. आत जाऊन पाहिले तर यंत्रे सडकी. सुमारे लाखभर चात्या, पण चालणाऱ्या किती हा प्रश्न. गिरणीचे नाव ठेवले स्वदेशी. १९०५ च्या चळवळीच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, हे लक्षात घ्या.

नाव मोठे, पण माल निघाला हलका. चीनला पाठवलेल्या सुताच्या तक्रारी आल्या. शेअरचा भाव पडला, भागधारक घाबरले, टाटांचे यावेळी काही खरे नाही अशी कुजबुज बाजारात सुरू झाली. जमशेटजींनी कर्ज मागितले, बँकेने नकार दिला. वीस वर्षांपूर्वीचा १८६५ चा तोच खड्डा पुन्हा समोर. फरक एवढाच की तेव्हा दुसऱ्यांनी खणला होता.

त्यांनी आपल्या कुटुंबासाठी एक ट्रस्ट करून ठेवला होता. मला वाटते, १८६५ पाहिलेल्या माणसानेच असा ट्रस्ट केला असेल, की काहीही होवो, बायकामुलांना घर सोडावे लागू नये. तो ट्रस्ट त्यांनी मोडला. एम्प्रेसचे स्वतःचे शेअर्स विकले. सगळा पैसा कुर्ल्यात ओतला. नागपूरची उत्तम माणसे कुर्ल्याला आणली, जुनी यंत्रे काढली, स्वतः गिरणीत जाऊन बसू लागले. भागधारकांचे पैसे बुडवून कंपनी गुंडाळता आली असती, कायद्याने कुणी त्यांचे घर घेऊ शकले नसते. तरी त्यांनी स्वतःहून घर पणाला लावले.

हे शहाणपण की वेडेपणा, यावर आमच्या रूमवर एका रात्री दोन वाजेपर्यंत वाद झाला. माझा रूममेट म्हणाला की बायकामुलांच्या ट्रस्टला हात लावणारा माणूस थोर कसा? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी उत्तर देऊ शकलो नाही. स्वदेशी मिल वाचली म्हणून आपण आज कौतुकाने लिहितो. बुडाली असती तर हाच माणूस अविचारी ठरला असता. पण एक नक्की, १८६५ मध्ये टाटा या नावावर लंडनच्या घेणेकऱ्यांनी विश्वास टाकला होता, आणि बंगला गेला तरी चालेल पण ते नाव जाता कामा नये, असा काहीसा क्रम त्यांच्या डोक्यात पक्का असावा. काही वर्षांत स्वदेशीचे सूत सुधारले आणि अतिपूर्वेच्या बाजारात तिला चांगले नाव मिळाले.

सगळेच डाव जिंकले असेही नाही. चीनकडे जाणाऱ्या सुताचे बोटभाडे पी अँड ओ कंपनी भरमसाट घेते म्हणून १८९३ मध्ये त्यांनी जपानला जाऊन तिथल्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी करार केला आणि बारा रुपये टनाने माल न्यायला सुरुवात केली. पी अँड ओने एकोणीस रुपयांवरून भाडे खाली आणत आणत दोन रुपयांच्या आसपास नेले. ज्या हिंदी व्यापाऱ्यांसाठी भांडण मांडले, ते स्वस्त भाड्याला भुलून तिकडेच गेले. टाटा लाईन बंद पडली, लाखाच्या वर पैसे गेले.

पोलादाचेही पहिले पाऊल विदर्भातलेच आहे. १८८२ साली चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोखंडावर एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला चालेना, सरकारचे खाणीचे नियमही जाचक, म्हणून ते राहिले. ते पुन्हा हाती घ्यायला त्यांना जवळजवळ सतरा वर्षे थांबावे लागले आणि कारखाना बघायला ते उरलेच नाहीत. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइम इथे त्यांचे निधन झाले. कंपनी १९०७ ला निघाली, पोलाद १९१२ ला.

त्यांच्या हातात शेवटी जी दौलत होती तिचे काय झाले ते सांगून थांबतो. १८९८ मध्ये त्यांनी मुंबईतल्या चौदा इमारती आणि चार जमिनी, किंमत सुमारे तीस लाख, विज्ञानाची एक संस्था काढायला काढून ठेवल्या. ज्या घराचा वाडा देणी भागवायला विकला गेला होता, त्याच घराच्या या चौदा इमारती. सरकारने वर्षानुवर्षे घोळ घातला, मध्ये जमशेटजी गेले, पण दोराबजी आणि रतनजी या मुलांनी बापाने दिलेली एक वीटही परत घेतली नाही. बंगलोरला म्हैसूर सरकारने जागा दिली. १९११ साली विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आत गेली. सुरुवातीचे विभाग दोनच होते, एक रसायनाचा आणि दुसरा विद्युत तंत्राचा.